विश्लेषण : लंडनचा हिशेबनीस ते वर्ध्याची बिनधुराची चूल… जे. सी. कुमारप्पा कोण होते? दगडी कोळशाबाबत त्यांचा इशारा काय होता?

३० जानेवारी हा महात्मा गांधींचा स्मृतिदिन. गांधीजींचे सहकारी आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे निधनही याच तारखेला, १९६० साली झाले. खादी, ग्रामोद्योग आणि ‘गांधीवादी अर्थशास्त्र’ या संदर्भात त्यांचे नाव अधूनमधून घेतले जाते. मात्र स्वयंपाकघरातल्या धुराचा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारात घेत नव्हते, त्या काळात त्यांनी वर्ध्यात चालवलेल्या संस्थेतून बिनधुराची चूल बाहेर पडली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरात जळणारे लाकूड, गोवऱ्या आणि कोळसा यांचा धूर आजही देशात दरवर्षी लाखो जणांचा बळी घेतो. कुमारप्पा कोण होते, त्यांचा चुलीशी संबंध कसा आला आणि दगडी कोळशाबाबत त्यांनी काय इशारा दिला होता, याविषयी…

चुलीच्या धुराची चर्चा आजही का?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे ओलांडून कोलाडच्या दिशेने निघाले की रोहा तालुक्यातले खांब लागते. पेण-रोहा पट्ट्यात हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोलणे होते ते कारखान्यांच्या धुराड्यांविषयी आणि महामार्गावरच्या धुळीविषयी. घरातली चूल या चर्चेत येत नाही. गॅसची शेगडी आता बहुतेकांकडे आहे. पण कोकणातल्या अनेक घरांत अंघोळीचे पाणी अजून बंबात किंवा न्हाणीजवळच्या चुलीवर तापते. तांदळाच्या भाकऱ्या चुलीवर होतात, पावसाळ्याआधी लाकूडफाटा रचून ठेवला जातो. आदिवासी वाड्यांवर तर सिलिंडर संपला की पुढचा मिळेपर्यंत चूल हाच आधार असतो.

या धुराचे आकडे लहान नाहीत. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात भारतात हवा प्रदूषणामुळे सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले. त्यातले सुमारे ६.१ लाख मृत्यू घरातल्या प्रदूषणाशी, म्हणजे मुख्यतः स्वयंपाकाच्या धुराशी जोडलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, २०२० मध्ये जगभरात अशा मृत्यूंची संख्या ३२ लाख होती. घरातला धूर घरातच थांबत नाही. देशातल्या बाहेरच्या हवेतील सूक्ष्म कणांच्या मोठ्या स्रोतांमध्येही घरगुती जळणाचा समावेश होतो.

कुमारप्पा कोण होते?

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस हे त्यांचे मूळ नाव. जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतील तंजावर येथे, एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त, इंग्रजी शिक्षण आणि काटेकोर हिशेब. पहिल्या महायुद्धापूर्वी ते हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले. तेथे परीक्षा उत्तीर्ण होऊन काही वर्षे काम केले आणि १९१९ मध्ये भारतात परतले. मुंबईत त्यांनी व्यवसाय सुरू केला. १९२४ मध्ये भागीदारीत स्वतःची हिशेबतपासणीची पेढी काढली.

त्या वेळचे कॉर्नेलियस हे नखशिखान्त साहेबी वळणाचे होते. सूट, टाय, इंग्रजी राहणी, मुंबईत चांगली मिळकत. पुढे खादीचा सदरा घालून वर्ध्याच्या उन्हात ग्रामोद्योगाचे प्रयोग करणारा माणूस हाच, हे त्यांच्या जुन्या ओळखीच्यांना सहज पटले नसते.

लंडनचा इथे काय संबंध?

कुमारप्पा ज्या लंडनमध्ये राहिले, ते घरगुती कोळशाच्या धुराने वेढलेले शहर होते. तिथे थंडीत जवळपास प्रत्येक घरात खोली उबदार ठेवण्यासाठी दगडी कोळशाची शेगडी पेटत असे. कारखाने आणि रेल्वे इंजिने यांच्या धुरात लाखो घरांच्या धुराड्यांची भर पडे. हिवाळ्यात धुके आणि धूर एकत्र आले की दिवसाही अंधारून येई.

या धुराची खरी किंमत जगाला कळली ती १९५२ मध्ये. ५ ते ९ डिसेंबर या ५ दिवसांत लंडनवर दाट धुरके साचून राहिले. वारा पडला होता आणि थंडीमुळे घरोघरी जास्त कोळसा जाळला जात होता. वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसल्याने धूर वर जाऊ शकत नव्हता. त्या वेळी सुमारे ४ हजार मृत्यूंचा अंदाज बांधला गेला. पुढच्या अभ्यासांत हा आकडा १२ हजारांच्या आसपास असावा, असे मांडले गेले. त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवा कायदा आला. त्यात धुराला मनाई असलेली क्षेत्रे ठरवण्याची आणि घरातल्या शेगड्या बदलण्यासाठी अर्थसाहाय्य देण्याची तरतूद होती. घराच्या आतली शेगडी हा सरकारने हात घालण्याचा विषय आहे, हे अशा रीतीने मान्य झाले.

ही घटना घडली तेव्हा कुमारप्पा भारतात होते आणि मगनवाडीतून बिनधुराची चूल येऊन ५ वर्षे झाली होती.

अमेरिकेत असे काय घडले?

१९२७ मध्ये कुमारप्पा अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठातून १९२८ मध्ये व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम. ए. केले. तिथे सार्वजनिक वित्त या विषयाचे नामवंत प्राध्यापक ई. आर. ए. सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. भारत गरीब का आहे, या विषयावर कुमारप्पांनी दिलेल्या एका व्याख्यानाची बातमी सेलिग्मन यांच्या वाचनात आली. त्यांनी याच प्रश्नावर प्रबंध लिहायला सुचवले. हे तेच सेलिग्मन, ज्यांच्याकडे काही वर्षांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अभ्यास केला होता.

प्रबंध लिहिताना ब्रिटिश सरकारचे जमा-खर्चाचे आकडे कुमारप्पांनी हिशेबतपासनिसाच्या नजरेने तपासले. कर कोणाकडून गोळा होतो आणि खर्च कोणासाठी होतो, हे पाहताना त्यांचे मत बदलत गेले. भारताची गरिबी नैसर्गिक नाही, ती सरकारच्या धोरणातून आली आहे, या निष्कर्षापर्यंत ते पोहोचले. पाश्चात्त्य राहणीचा हा तरुण मायदेशी परतला तो कॉर्नेलियस हे आडनाव मागे टाकून. कुमारप्पा हे घराण्यातले जुने नाव त्याने स्वीकारले.

गांधीजींशी भेट कशी झाली?

प्रबंध भारतात प्रसिद्ध व्हावा, या इच्छेने कुमारप्पा ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात गेले. झाडाखाली, सारवलेल्या जमिनीवर बसून एक वृद्ध गृहस्थ सूत कातत होते. कुमारप्पा काही वेळ हातातली काठी टेकवून उभेच राहिले. ते गृहस्थ म्हणजेच गांधीजी, हे थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले. मग इस्त्रीच्या सूटची पर्वा न करता ते जमिनीवर बसले.

गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’मध्ये क्रमशः छापला आणि त्यांना एक काम सुचवले. गुजरातमधील एखाद्या तालुक्याची आर्थिक पाहणी करायची. कुमारप्पांना गुजराती येत नव्हते. गांधीजींनी त्यांना गुजरात विद्यापीठाची धुरा सांभाळणाऱ्या काकासाहेब कालेलकरांकडे पाठवले. अखेर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातली ५० हून अधिक गावे पालथी घातली. प्रत्येक घराचे उत्पन्न, कर्ज, जनावरे, जमीन यांची नोंद घेतली. मुंबईतल्या कंपन्यांचे ताळेबंद तपासणारा माणूस आता गावाचा ताळेबंद मांडत होता.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींच्या अटकेनंतर ‘यंग इंडिया’ची जबाबदारी कुमारप्पांवर आली आणि पाठोपाठ तुरुंगवासही. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. लोकांनी दिलेल्या पैशांतला पैही कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी वाया जाऊ नये, यावर त्यांचा इतका कटाक्ष होता की गांधीजी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींचा तिथला खर्चही त्यांनी मदतनिधीतून करायला नकार दिला. गांधीजींनी हा नियम मान्य केला.

वर्ध्यात मगनवाडी कशी उभी राहिली?

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि त्याचे मुख्यालय वर्ध्यात आले. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि इमारत संघाला दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून या जागेचे नाव मगनवाडी पडले. गांधीजी सेवाग्रामला जाण्यापूर्वी काही काळ इथेच राहत होते. संघाचे मंत्री, म्हणजे आजच्या भाषेत सचिव, म्हणून कुमारप्पांनी सूत्रे हाती घेतली. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मासिकही ते चालवत.

पेण तालुक्यातल्या गागोदे येथे जन्मलेले विनोबा भावे याच काळात वर्धा परिसरात होते. १९३८ पासून ते पवनारला राहू लागले. त्यामुळे त्या काळातले वर्धा म्हणजे देशभरातून आलेल्या कार्यकर्त्यांची कार्यशाळाच झाली होती.

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, साबण, गूळ, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ, चर्मोद्योग अशा अनेक गोष्टींवर प्रयोग होत. रॉकेलऐवजी गावातल्या घाणीच्या तेलावर चालणारा ‘मगन दीप’ नावाचा कंदील याच ठिकाणी तयार झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ते आजही वर्ध्यात पाहता येते. याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील उद्योगांच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही कुमारप्पांकडे होते. त्या निमित्ताने विदर्भातली अनेक गावे त्यांच्या पाहणीत आली.

‘मगन चूल’ काय होती?

ग्रामोद्योग संघाच्या कामात एक गोष्ट कायम पुढे येत होती. गावातली बाई दिवसाचे अनेक तास जळण गोळा करण्यात आणि चुलीपुढे बसण्यात घालवते. तिचा हा वेळ आणि तिचे आरोग्य कोणत्याच हिशेबात धरले जात नाही. दुसरीकडे, शेतात खत म्हणून जायला हवे ते शेण गोवऱ्या होऊन जळते. १९४७ मध्ये ‘मगन चूल’ लोकांपुढे आली. भारतातल्या सुधारित चुलींच्या इतिहासाची सुरुवात साधारणपणे इथूनच मोजली जाते. ही एकट्या कुमारप्पांची निर्मिती नव्हती. ते चालवत असलेल्या संस्थेतल्या प्रयोगांमधून ती घडली.

मातीची, गावातच बांधता येणारी आणि धूर धुराड्यातून घराबाहेर नेणारी चूल, अशी तिची कल्पना होती. पाठोपाठ हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी याच विषयावर काम केले. कोट्यवधी घरांसाठी बिनधुराची स्वयंपाकघरे कशी बांधावीत, याची माहिती देणारी त्यांची पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुळात चूल धूर का सोडते?

लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते. मग लाकडातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्योत म्हणजे हे वायू जळत असतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते जवळपास पूर्ण जळतात. साध्या तीन दगडांच्या चुलीत तसे होत नाही. लाकूड ओले असेल तर बरीच उष्णता पाणी उडवण्यातच खर्च होते. थंड भांड्याचा तळ ज्योतीला लागला की ती विझत जाते. मग अर्धवट जळालेले वायू आणि कण धूर म्हणून बाहेर पडतात. त्यातलेच काही भांड्याला आणि आढ्याला काजळी बनून चिकटतात. फुंकणीने फुंकर घातल्यावर धूर कमी होतो, कारण निखाऱ्यांना जादा हवा मिळते.

या धुरात दोन गोष्टी विशेष घातक असतात. पहिली म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी लहान असलेले हे कण थेट फुप्फुसांत खोलवर जातात. दुसरा आहे कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्या माणसांचा थंडीत मृत्यू झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामागे हाच वायू असतो. निखाऱ्यावर धूर दिसत नाही, म्हणून लोक बेसावध राहतात. या वायूला रंग आणि वास दोन्ही नसतात.

धुराड्याचे तत्त्व साधे आहे. गरम हवा हलकी असते, ती नळीतून वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. त्यामुळे जळण चांगले पेटते आणि धूर खोलीत पसरत नाही. आपल्या पारंपरिक चुलीलाही शेजारी वैल असतोच. मुख्य भांड्याखालून निसटलेल्या उष्णतेवर तिथे कालवण किंवा दूध गरम राहते. धुराड्याच्या चुलीत हीच उष्णता दुसऱ्या भांड्याखालून फिरवून मग धूर बाहेर सोडतात.

दगडी कोळशाबद्दल कुमारप्पा काय सांगत होते?

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणीवर होते. दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’, म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयी. १९४५ मध्ये आलेल्या या दुसऱ्या पुस्तकाला गांधीजींची प्रस्तावना आहे. कुमारप्पांच्या नावापुढच्या परदेशी पदव्यांमध्ये गांधीजींनी कौतुकाने ग्रामोद्योगाच्या ‘डॉक्टर’कीची भर घातली.

निसर्गातल्या साधनांचे कुमारप्पांनी दोन भाग केले. काही साधने साठ्यासारखी असतात. दगडी कोळसा, खनिज तेल, लोखंड. ती जमिनीत ठरावीक प्रमाणात आहेत, वापरली की संपतात आणि पुन्हा लवकर तयार होत नाहीत. दुसरी साधने प्रवाहासारखी असतात. वाहते पाणी, वाढणारे जंगल, गवत, शेतमाल. त्यांचा वापर मर्यादेत ठेवला तर ती पुन्हा पुन्हा मिळत राहतात. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था शेवटी साठ्यासाठी भांडते आणि युद्धापर्यंत जाते, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे महायुद्ध सुरू असतानाच हे लिहिले जात होते.

हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे तर कोळसा आणि तेल ही मुदलातली रक्कम आहे आणि झाडाची वाढ हे व्याज. रोजचा खर्च मुदलातून चालवणारे घर किती दिवस टिकेल, हा त्यांचा प्रश्न होता. हवामान बदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी हे मांडले गेले. मात्र त्यांचा भर साधने संपण्यावर आणि त्यातून होणाऱ्या हिंसेवर होता, वातावरणात साचणाऱ्या कार्बनवर नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे.

स्वातंत्र्यानंतर त्यांचे काय झाले?

काँग्रेसच्या नेत्यांशी कुमारप्पांचे मतभेद जुने होते. १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीतून ते लवकरच बाहेर पडले. मोठ्या उद्योगांवर आधारलेल्या नियोजनात गावाला जागा नाही, असे त्यांचे मत होते. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९४९ च्या अहवालात समितीने मध्यस्थ दूर करून कसणाऱ्याला जमीन देण्याची आणि जमीनधारणेवर मर्यादा घालण्याची शिफारस केली.

पद आणि सत्ता त्यांनी घेतली नाही. वर्धा जिल्ह्यातच सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या कुमारप्पांचे वयाच्या ६८ व्या वर्षी मद्रासमध्ये निधन झाले.

त्यांच्यानंतर बिनधुराच्या चुलीचे काय झाले?

मगन चुलीनंतर बराच काळ हा विषय मागे पडला. तेव्हा चूल सुधारण्यामागे मुख्य हेतू जळण वाचवणे हा असे. धूर किती, हे मोजायला कोणी जात नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील गावांत स्वयंपाक करणाऱ्या महिलांच्या अंगावर कण मोजणारी उपकरणे लावली. प्रत्येक घनमीटर हवेत सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण आढळले. त्या काळच्या शहरांमधील प्रदूषित हवेपेक्षाही हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त होते. तेव्हापासून चुलीचा धूर हा आरोग्याचा प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला.

१९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत ३ कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल पोहोचवली. उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी याच संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण बसवलेल्या चुलींपैकी बऱ्याच टिकल्या नाहीत. कारणे घरगुती होती. धुराड्यात काजळी साचते, ते साफ केले नाही तर धूर उलटा खोलीत येतो. माती तडकते. गवंड्याने चुलीचे तोंड थोडे मोठे केले तरी हवेचे गणित बिघडते. अनुदान चूल बसवण्यासाठी होते, दुरुस्तीसाठी नव्हते. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगात हेच दिसले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे देखभाल थांबली, वापर घटला आणि आरोग्याचा लाभ दिसेनासा झाला.

धुराड्याचा उपयोगच नसतो, असा मात्र याचा अर्थ नाही. चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई भागात घरात धूर करणारा दगडी कोळसा जाळला जाई. तिथे धूम्रपान न करणाऱ्या महिलांमध्येही फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. उघड्या आगीऐवजी धुराड्याच्या शेगड्या आल्यावर हे प्रमाण घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. घरात दगडी कोळसा जाळण्याने होणारा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केले आहे. लाकूड आणि शेणाचा धूर त्याखालच्या, म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता असलेल्या गटात आहे.

गॅस आल्यावर प्रश्न सुटला का?

बराचसा सुटला, पूर्ण नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली. ८ कोटी जोडण्यांचा टप्पा सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झाला, तो कार्यक्रम महाराष्ट्रात तेव्हाच्या औरंगाबादेत झाला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१ मध्ये देशातील सुमारे ५९ टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरले जात होते. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. अनेक घरांत सिलिंडर चहापुरता आणि पाहुण्यांपुरता ठेवला जातो. मोठा स्वयंपाक आणि पाणी तापवणे चुलीवरच होते.

इथे कुमारप्पांचा विचार अडचणीचा ठरतो. त्यांच्या हिशेबाप्रमाणे गॅस हे साठ्यातले इंधन आहे. भारत आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक एलपीजी आयात करतो, त्यामुळे जगात कुठेही युद्ध पेटले की सिलिंडरची चिंता सुरू होते. या बाबतीत त्यांचा इशारा खरा ठरला आहे. पण प्रवाहातले इंधन म्हणून लाकूड कितीही टिकाऊ असले, तरी ते साध्या चुलीत जळताना घरातल्या बाईच्या फुप्फुसांवर जो खर्च टाकते तो मोठा आहे. धुराडे लावूनही धूर घराबाहेर जातो, वस्तीच्या हवेत राहतोच. आजचे आरोग्यतज्ज्ञ म्हणूनच स्वयंपाकासाठी गॅस किंवा विजेची शेगडी यांनाच पहिली पसंती देतात. शेण कुजवून मिळणारा बायोगॅस हा त्यातला असा पर्याय आहे, जो कुमारप्पांच्या हिशेबातही बसतो. त्यात इंधन मिळते आणि उरलेली स्लरी शेतात खत म्हणून जाते.

खांबसारख्या गावांत काय करता येईल?

पहिली गोष्ट पाणी तापवण्याची. चूल सर्वांत जास्त वेळ जळते ती अनेक घरांत अंघोळीच्या पाण्यासाठी. ऑक्टोबर ते मे या काळात कोकणात ऊन भरपूर असते. सौर बंब बसवला तर हे जळण बरेचसे वाचते. लाकडाचा बंब वापरायचाच असेल तर तो उघड्यावर किंवा मोकळ्या पडवीत ठेवावा, बंद न्हाणीघरात नको.

दुसरी गोष्ट लाकडाची. पावसाळ्यातला धूर मुख्यतः ओल्या लाकडाचा असतो. लाकूड मे महिन्यातच बारीक फोडून, जमिनीपासून उंचावर आणि छपराखाली रचले तर फरक पडतो. चुलीत एकावेळी कमी पण बारीक लाकूड घालणेही उपयोगी ठरते. प्लास्टिक पेटवून चूल सुरू करण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. त्याचा धूर लाकडापेक्षाही विषारी असतो.

तिसरी गोष्ट धुराड्याची. ज्या घरात अजून चूल आहे, तिथे धुराडे दर महिन्याला झाडून घ्यावे आणि त्याचे तोंड छपराच्या वर काढावे. चुलीजवळ तान्हे मूल किंवा गरोदर स्त्री जास्त वेळ बसू नये. कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडक्या बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते.

चौथी गोष्ट सरकारी पातळीवरची. उज्ज्वलाच्या जोडण्या मोजल्या जातात. वर्षातून सिलिंडर किती वेळा भरला जातो, हे गावनिहाय पाहिले तर कोणत्या वाडीवर चूल पुन्हा पेटली आहे ते कळते. रायगडमधल्या कातकरी वाड्यांवरची अनेक कुटुंबे हंगामात कोळसाभट्ट्यांवर कामाला जातात. परत आल्यावर घरी पुन्हा चुलीचा धूर. त्यांच्यापर्यंत भरलेला सिलिंडर परवडणाऱ्या दरात पोहोचतो का, हे पाहणे गरजेचे आहे. मातर तालुक्यात कुमारप्पांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन घरोघरी केली होती तशी पाहणी आज एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा महाविद्यालयालाही करता येईल. घरात कोणते इंधन आहे, ते किती दिवस पुरते, चुलीपुढे कोण बसते आणि घरात खोकला कोणाला आहे, एवढे चार प्रश्न विचारले तरी गावाला आपल्या धुराचा पहिला हिशेब मिळेल.